सेल्फ घेत नाही : कधी कधी सुरू न होणाऱ्या गाडीचा इतिहास

विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, इतिहासाच्या व्याख्यानात गॅरेज कुठून आलं? तर एक प्रसंग सांगतो, बहुतेकांच्या घरचाच आहे. सकाळी कामाला निघायच्या वेळी गाडी सुरू होत नाही. चारदा चावी फिरवून होते. बॉनेट उघडून आपण आत बघतो, म्हणजे नेमकं काय बघतो ते आपल्यालाही माहीत नसतं. (हशा) मग मेकॅनिकला फोन. तो तासाभरानं येतो, चावी फिरवतो, आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू! तो आपल्याकडे बघतो. बोलत काही नाही, नुसतं बघतो.

त्या बघण्याबद्दल मला आज बोलायचं आहे. पूर्ण बंद पडलेली गाडी हा त्या मानानं सोपा मामला असतो. दोष समोर असतो, शोधला की सापडतो. कधी कधी सुरू न होणारी गाडी मात्र साक्षीचा प्रश्न होऊन बसते. दोष घडला तेव्हा जो हजर होता त्याला गाडीतलं कळत नाही, आणि ज्याला कळतं तो हजर नव्हता. मग विश्वास कुणावर ठेवायचा? मोटारगाडीच्या इतिहासात हा प्रश्न पहिल्यापासून एवढा अवघड नव्हता. तो अवघड होत गेला, आणि माझं म्हणणं असं की गाडी सुरू करणं जसजसं सोपं झालं, तसतसा तो अवघड झाला.

सुरुवातीला साक्षीदार आणि जाणकार एकच माणूस असे. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाल्या, नवऱ्यानं बनवलेली तीनचाकी गाडी घेऊन. शंभर किलोमीटरच्या वरचा रस्ता. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेनं मोकळी केली, आणि ठिणगीची तार उघडी पडली तिथं मोज्याचा पट्टा गुंडाळला, असं बेंझ घराण्यातून आलेलं वर्णन आहे. हे दोन्ही दोष नीट बघा. एक इंधनाचा, एक ठिणगीचा. आजही गाडी सुरू होत नसेल तर शोध याच दोन वाटांनी जातो. फक्त तिसरी एक वाट पुढं वाढली, ती म्हणजे इंजिन फिरवायचं कुणी.

बेंझच्या गाडीत ते काम हाताचं होतं. मोठं चाक हातानं फिरवायचं. पुढं हँडल आलं. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींच्या आसपास निघाली, आणि सुरुवातीची दहा-अकरा वर्षं ती कंपनीतून बाहेर पडे ती हँडलवरच. हँडल मारण्याचे नियम होते. ठिणगीची वेळ ठरवणारी दांडी मागं घ्यायची. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीसारखा पलीकडून वळवायचा नाही. हँडल वर ओढायचं, खाली दाबायचं नाही. कारण ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देई आणि मनगटाचं हाड मोडे. मनगटाजवळच्या एका विशिष्ट फ्रॅक्चरला हाडांचे डॉक्टर आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. गाडीचं हँडल गेलं, पण वैद्यकाच्या पुस्तकात त्याची खूण राहिली.

पण या जीवघेण्या हँडलची एक बाजू आपण विसरतो. हँडल मारणाऱ्या हाताला इंजिनातली खबर मिळायची. प्रत्येक सिलिंडर दाब घेताना हँडल जड होतं, मग सुटतं, पुन्हा जड होतं. चारांतला एक दाब मऊ लागला तर व्हॉल्व्ह गळतोय हे कळे. सगळंच जड असेल तर थंडीनं तेल घट्ट झालंय. मॉडेल टीच्या लाकडी पेटीत चार कॉइल असत आणि त्या चालताना गुणगुणत. एखादी गप्प असेल तर कानाला कळे. म्हणजे गाडी सुरू करणं आणि गाडी तपासणं ही एकच कृती होती. सकाळी सुरू न झालेल्या गाडीची हकीकत मालक सांगे ती हाताच्या अनुभवातून, आणि मिस्त्रीला तीच भाषा कळे.

आता १९११-१२ कडे येऊ. अमेरिकेत डेटन गावी चार्ल्स केटरिंग नावाचा इंजिनिअर होता. त्याआधी तो दुकानातले गल्ले बनवणाऱ्या कंपनीत होता आणि तिथं त्यानं विजेवर चालणारा गल्ला केला होता. इंजिन विजेच्या मोटरनं फिरवायचं तर मोटर आणि बॅटरी अवाढव्य लागेल, असा त्या काळचा समज होता. केटरिंगला गल्ल्यावरून एक गोष्ट ठाऊक होती : मोटर दिवसभर चालवायची नसेल, दोन-चार सेकंदच चालवायची असेल, तर लहान मोटरवरही तिच्या कुवतीच्या कितीतरी पट भार टाकता येतो. गल्ल्याचा खण उघडायला तेवढंच पुरतं, इंजिनाला पहिला धक्का द्यायलाही तेवढंच. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा स्टार्टर बसला. कॅडिलॅकचे हेन्री लेलँड यांचे स्नेही बायरन कार्टर हँडलच्या झटक्यानं जखमी होऊन दगावले आणि त्यातून लेलँडनी हा ध्यास घेतला, अशी गोष्ट सांगितली जाते. तपशिलांवर इतिहासकारांचं एकमत नाही, पण हँडलनं माणसं जखमी होत होती यावर कुणाचा वाद नाही.

केटरिंगच्या कंपनीचं नाव डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. आद्याक्षरं जोडली की डेल्को. आता तुमच्यातल्या कुणी जुन्या गाड्या वापरल्या असतील तर ओळखीचं हसू येईल, कारण आपल्याकडचे जुने मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरला ‘डेल्को’च म्हणतात. गाडी कुठल्याही कंपनीची असो. स्टार्टरच्या दातेरी चाकाला म्हणायचं ‘बेंडिक्स’, ते व्हिन्सेंट बेंडिक्स या अमेरिकन माणसाचं आडनाव. आणि स्टार्टर मोटरला आपण म्हणतो ‘सेल्फ’. ‘सेल्फ-स्टार्टर’मधला नेमका अर्धा शब्द आपण ठेवला. गंमत म्हणजे मराठीत तो क्रियापद घेऊन आला : सेल्फ मारणं, सेल्फ घेणं.

या शब्दानं आपल्याकडे एक फार मोलाचा भेद जपला. मालक म्हणतो, ‘गाडी सुरू होत नाही.’ मिस्त्री लगेच विचारतो, ‘सेल्फ घेते का?’ सेल्फ घेत नाही, म्हणजे इंजिन फिरतच नाही. हा बॅटरी, तारा, मोटर यांचा दोष. सेल्फ घेते पण स्टार्ट होत नाही, म्हणजे इंजिन फिरतंय पण पेट घेत नाही. हा पेट्रोल किंवा ठिणगीचा दोष. ही दोन घरं पूर्ण वेगळी आहेत. हँडलच्या काळात हा प्रश्न विचारावाच लागत नव्हता, फिरवणारे आपणच होतो. बटण आलं आणि दोन वेगवेगळे दोष एकाच वाक्यात जाऊन बसले. १९४९ च्या क्रायस्लर गाड्यांत स्टार्टरचं वेगळं बटणही गेलं आणि सगळं काम एका चावीत आलं. चावी फिरवणाऱ्याला आत काय घडतं याची काहीच खबर उरली नाही.

आणि विजेचा दोष फार लबाड असतो. थोडा हिशोब करू, फार नाही. स्टार्टर ओढताना समजा १५० अँपिअर करंट जातोय. बॅटरीच्या टर्मिनलवर ती पांढरी-हिरवी बुरशी धरते ना, तिच्यामुळे तिथं फक्त ०.०२ ओहम अडथळा आला. दीडशे गुणिले ०.०२, म्हणजे तीन व्होल्ट तिथंच संपले. बाराचे नऊ उरले, त्यात बॅटरीचे स्वतःचे व्होल्ट भार आल्यावर उतरतात ते वेगळेच. सेल्फ नुसता ‘टक्’ करून गप्प. आता त्याच अडथळ्यातून २१ वॉटचा दिवा लावा. त्याला पावणेदोन अँपिअर लागतात. व्होल्ट गेले किती? ०.०३५. दिवा झकास पेटतो! मीटर लावला तर करंटच वाहत नाही, म्हणून मीटरही पूर्ण बारा दाखवतो. मेकॅनिक म्हणतो, बॅटरी ठीक आहे. तो खोटं बोलत नाही. दोष अस्तित्वातच येतो तो भार पडल्यावर, आणि तोही टर्मिनल थोडं सैल-घट्ट होईल त्याप्रमाणे. थंडीत एक, उन्हात एक.

यातला एक धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो. १९३१ साली क्रायस्लर कंपनीनं प्लिमथ गाडीत इंजिन रबरावर बसवलं, थरथर कमी व्हावी म्हणून. ‘फ्लोटिंग पॉवर’ असं नाव दिलं. आराम वाढला. पण रबरातून वीज जात नाही. इंजिन आणि सांगाडा लोखंडाला लोखंड भिडून होते तोवर करंटला परतीची वाट आपोआप होती. आता ती वाट एका विणलेल्या पट्टीवर आली, जिला आपण अर्थिंगची पट्टी म्हणतो. ती सैल झाली, गंजली, की करंट मिळेल त्या वाटेनं परततो, अगदी चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधूनसुद्धा, आणि केबल तापते. बॅटरी बदला, सेल्फ बदला, काही फरक पडत नाही. चार रुपयांच्या बोल्टखातर हजारोंचं सामान बदललेलं मी ऐकलं आहे, तुम्हीही ऐकलं असेल. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली उभी राहिली आणि १९४७ पासून कुर्ल्यातून गाड्या निघू लागल्या त्या याच क्रायस्लरच्या परवान्यावरच्या : डॉज, डिसोटो, प्लिमथ. पुढं तिथं फियाट आली. रबरावरचं इंजिन, अर्थिंगची पट्टी आणि तिचे आजार आपल्याकडे असे कारखान्यातूनच आले.

फियाट ११००, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी. पाव शतकाहून जास्त काळ ती मुंबईची टॅक्सी होती, उत्पादन थांबलं तरी रस्त्यावर राहिली. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला बाद झाली. तिच्यावर आणि ॲम्बेसेडरवर पिढ्यान् पिढ्या मिस्त्री शिकले. त्यांची शिकवणी वही-पुस्तकाची नव्हती, हाताखाली पाना धरून उभं राहण्याची होती. पण ज्ञान पक्कं होतं. उन्हाळ्यात घाट चढून आलेली गाडी चहाला थांबवली, पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला तर नुसती घरघर. मिस्त्री काय करायचा? ओला फडका पेट्रोल पंपावर. इंजिनाच्या अंगालाच तो पंप बसवलेला असे. गाडी बंद केली की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, आणि इंजिनाची धग आसपासच्या भागांत चढत राहते. गाडी बंद केल्यावर पंप आधीपेक्षा जास्त तापतो! नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. तासाभरानं आपोआप सगळं ठीक. आणि पावसाळ्यात? डेल्कोचं झाकण काढून आतला ओलावा कोरड्या फडक्यानं पुसायचा, कारण दमट झाकणातून ठिणगी भलतीकडेच पळते. उन्हाळ्यात ओला फडका, पावसाळ्यात कोरडा. यामागचं शास्त्र विचारलं असतं तर अनेकांना सांगता आलं नसतं, पण गाडी *कधी* सुरू होत नाही हे ते आधी विचारत, आणि तिथंच निम्मं निदान होई.

यावरून ती आइस्क्रीमची गोष्ट आठवली असेल. व्हॉट्सॲपवर तुम्हालाही आली असणार. एक गृहस्थ मोटार कंपनीला पत्र लिहितो, मी व्हॅनिला आइस्क्रीम आणायला गेलो की गाडी सुरू होत नाही, दुसरा कुठलाही स्वाद आणला की होते. कंपनी हसते, पण एक इंजिनिअर पाठवते. तो रोज बरोबर जातो, वेळा लिहितो. कळतं असं की व्हॅनिला दुकानाच्या पुढच्याच काउंटरला मिळतं, चटकन काम होतं, आणि तेवढ्या वेळात नळीतली वाफ निवत नाही. ही दंतकथा आहे, इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून फिरते आहे. माणसं, कंपनी, स्वाद बदलत राहतात. पण दंतकथा कशावर टिकते? मालक वेडा वाटत होता आणि तो खरं बोलत होता, यावर. लोकांना ही गोष्ट आवडते कारण प्रत्येकानं मेकॅनिकची ती नजर सोसलेली आहे.

आपल्याकडे त्या नजरेला अजून एक फाटा आहे. आपल्या गॅरेजच्या रस्त्यावर कामं वाटलेली असतात. इंजिनवाला मिस्त्री वेगळा, इलेक्ट्रिशियन वेगळा, बॅटरीवाला वेगळा. पक्का दोष असेल तर ही वाटणी उत्तम. अधूनमधून येणारा दोष मात्र तिघांच्या मधल्या फटीत पडतो. बॅटरीवाला सांगतो चार्जिंग बघा, इलेक्ट्रिशियन सांगतो कार्बोरेटर बघा, मिस्त्री सांगतो बॅटरी बघा. आणि वाईट म्हणजे आपणही पुरावा नष्ट करत असतो. सेल्फच्या आतल्या तांब्याच्या पट्ट्यांपैकी एखादी झिजलेली असेल आणि मोटर नेमकी तिथं थांबली, तर पुढच्या वेळी सेल्फ मुका. बॉनेट उघडून पान्यानं त्याला एक ठोका दिला, की तो जागचा सरकतो आणि सुरू होतो. धक्का स्टार्टचंही तेच. गाडी धावली, खूण पुसली. एसटीला धक्का मारलेल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. (हशा)

इथवर गंमत वाटली असेल, पण या ‘सापडला नाही’चा शेवट नेहमी हसण्यावारी जात नाही. अमेरिकेतलं एक प्रकरण सांगतो. १९८० च्या दशकात फोर्डनं अनेक गाड्यांत ठिणगीचं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल थेट डिस्ट्रिब्यूटरवर बसवलं, म्हणजे इंजिनाच्या धगीत. तक्रारी अशा येऊ लागल्या की गाडी तापल्यावर चालता चालता बंद पडते, लगेच सुरू होत नाही, थोड्या वेळानं निवली की होते. भर रस्त्यात हे घडणं किती धोक्याचं ते सांगायला नको. वर्कशॉपमध्ये नेईपर्यंत मॉड्यूल निवलेलं असणार, म्हणजे तिथं तपासणाऱ्याला दोष दिसायची पंचाईत. सरकारी सुरक्षा खात्याच्या चौकशा झाल्या तरी रिकॉल निघाला नाही. अखेर मालकांनी कॅलिफोर्नियात दावा लावला, आणि २००० साली तिथल्या न्यायाधीशांनी ठरवलं की कंपनीला या दोषाची कल्पना होती आणि तिनं ती दडवली. कंपनीनं ते मान्य केलं नाही. २००१ मध्ये तडजोड झाली आणि मॉड्यूल बदलण्याचा खर्च देण्याचं ठरलं. एकेकट्या मालकाला ‘दोष सापडत नाही’ असं सांगता येतं. हजारो मालकांच्या हकिगती एकत्र ठेवल्या आणि सगळ्यांत ‘तापल्यावर’ हा शब्द दिसला, तेव्हा तो पुरावा झाला. आपले मिस्त्री विचारत तोच प्रश्न, कधी?

यानंतर गाडीनंच साक्ष द्यावी अशी व्यवस्था झाली. अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना स्वतःचे दोष नोंदवणारी ओबीडी-२ यंत्रणा सक्तीची झाली, भारतात ओबीडी २०१० च्या आसपास टप्प्याटप्प्यानं आली. मुळात ती प्रदूषण आवरण्यासाठी. पण तिच्यात एक सोय आहे : दोष नोंदला त्या क्षणी इंजिनाचं तापमान किती, वेग किती, हे ती टिपून ठेवते. ही मोठी गोष्ट आहे. तरी या साक्षीदारालाही मर्यादा आहे. जिथं सेन्सर आहे तेवढंच त्याला दिसतं. सैल अर्थिंगला स्वतःचा कोड नसतो, उलट व्होल्ट खाली गेल्यामुळे भलतेच चार कोड उमटतात आणि त्यांच्या मागं लागून चार भाग बदलले जातात. त्यात नवीन कारणांची भर : युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर बंधनकारक झाला. गाडी चावी ओळखते आणि मगच पेटते. एकाच जुडग्यात दोन गाड्यांच्या चाव्या असल्या तरी कधी कधी ती गोंधळते. सेल्फ घेते, पेट्रोल आहे, ठिणगी ठणठणीत, आणि तरी सुरू होत नाही, कारण तिनं तुम्हाला ओळखलेलं नाही! डॅशबोर्डवर चावीच्या चित्राचा छोटा दिवा त्या वेळी लुकलुकत असतो. तो बघितलेला माणूस मेकॅनिकचे दोन दिवस वाचवतो.

तर पुढच्या वेळी गाडी अडली की लगेच धक्का मारू नका. आधी आतला, छताचा दिवा लावा. हेडलाइट नको, बऱ्याच नव्या गाड्यांत सेल्फ मारताना ते आपोआप बंद होतात. दिव्याकडे लक्ष ठेवून चावी फिरवा. दिवा एकदम मंदावला तर बॅटरी उतरलीय किंवा मोटर अडकलीय. दिवा पूर्णच विझला तर टर्मिनल सैल असण्याची शक्यता मोठी. दिवा तसाच लख्ख राहिला आणि सेल्फ गप्प, तर करंट मोटरपर्यंत पोचतच नाही. मग चावीचा स्विच, रिले, सेल्फकडे जाणारी वायर. आणि सेल्फ जोरात घेत असेल तर बॅटरीचा नाद सोडा, पेट्रोल आणि ठिणगीकडे चला. एवढं झालं की मोबाइलवर लिहून ठेवा : किती वाजले, गाडी किती वेळ उभी होती, गरम होती की गार, पाऊस होता का, टाकीत पेट्रोल किती, आवाज ‘टक्’ आला की ‘घर्र’. असं चार-पाच वेळचं टिपण घेऊन गॅरेजमध्ये जा, आणि शक्य असेल तर गाडी रात्रभर तिथंच ठेवा, म्हणजे पहिला सेल्फ मिस्त्रीच्याच हातून लागेल.

हां, मागच्या रांगेतून हात वर आहेत. तुमचं आधी घेऊ. गाडी कुठली आणि सुरू कधी होत नाही, तेवढं सांगा.